आठ दिवसांत उजळणारी डबी

स्नेहसंमेलन पंधरा दिवसांवर आले की शाळेत दोन गोष्टींची गडबड सुरू होते. एक नाचाच्या तालमींची आणि दुसरी चेहऱ्याची. अशाच दिवसांत नववीतल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत एक लहानशी प्लॅस्टिकची डबी माझ्यापुढे ठेवली. "बाई, हे लावलं की आठ दिवसांत गोरं होतं म्हणतात. खरंच होतं का?" डबीवर एका हसऱ्या तरुणीचे चित्र होते आणि परक्या लिपीतील दोन ओळी होत्या. बनवणाऱ्याचे नाव नव्हते, घटकांची यादी नव्हती, परवाना क्रमांकही नव्हता. चौकशी केल्यावर कळले, की डबी ओळखीच्या पार्लरमधून आली आहे आणि वर्गातल्या आणखी तिघी-चौघी तीच लावतात.

त्या दिवशी मी तिला एवढेच सांगितले, "ही लावू नकोस. का लावू नये ते आपण वर्गात पाहू." नंतर विचार करू लागले तेव्हा लक्षात आले, की "असल्या क्रीमने काही होत नसतं" हे आपले ठरावीक उत्तर अपुरे आहे. काही डब्यांनी काहीच होत नाही, काहींनी थोडेसे होते आणि काहींनी खरोखरच आठ-दहा दिवसांत रंग उजळतो. खरी भीती या तिसऱ्या प्रकाराची आहे. मुलांना आपण "सगळे खोटे असते" असे सांगितले आणि मैत्रिणीचा चेहरा उजळलेला त्यांना दिसला, तर ती आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत, डबीवर ठेवतील. म्हणून हे तीन प्रकार वेगळे कसे ओळखायचे, हे नीट समजून घेऊ या. त्यासाठी लागणारे बहुतेक विज्ञान आठवी ते दहावीच्या पुस्तकांतलेच आहे.

रंग कोठून येतो?

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा भाग म्हणजे बाह्यत्वचा. तिच्या तळाशी मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. मेलॅनिनच्या सूक्ष्म पिशव्या या पेशी आपल्या लांब फांद्यांतून आजूबाजूच्या पेशींना पुरवतात. अशी एक रंगपेशी सुमारे ३६ शेजारणींना रंग पुरवते. मुलांना हमखास आश्चर्य वाटते ते पुढच्या गोष्टीचे. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत या रंगपेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक पडतो तो पिशव्यांच्या आकारात, संख्येत आणि त्या पसरण्याच्या पद्धतीत.

या पिशव्या शेजारच्या पेशीत गेल्यावर पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारख्या जमतात आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून केंद्रकातील डीएनएचे रक्षण करतात. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय व गौरवर्णीय माणसांच्या बाह्यत्वचेतून किती अतिनील किरण आरपार जातात, हे मोजले गेले. गोऱ्या बाह्यत्वचेतून मध्यम लहरींचे अतिनील किरण सरासरी २४ टक्के पार झाले, काळ्या बाह्यत्वचेतून ७.४ टक्के. म्हणजे सावळा रंग हा दोष नव्हे. फुकट मिळालेली आणि कधी न विसरणारी ती छत्री आहे. रंग उजळवणे म्हणजे ही छत्री पातळ करणे, हे आधी स्पष्ट झाले पाहिजे.

वांगे काळे का पडते?

चिरलेले वांगे लगेच पाण्यात टाकावे लागते, नाहीतर काळे पडते, हे प्रत्येक घरात माहीत असते. बटाट्याचे आणि सफरचंदाचेही तसेच. चिरताना पेशी फुटतात, हवेतला प्राणवायू आत शिरतो आणि तांबे असलेले एक विकर रंगहीन पदार्थांचे तपकिरी-काळ्या पदार्थांत रूपांतर करते. आपल्या रंगपेशींत मेलॅनिन बनवणारे टायरोसिनेज हे विकर याच कुळातले आहे. त्यातही तांबे असते आणि टायरोसिन या अमिनो आम्लापासून ते मेलॅनिनची सुरुवात करून देते.

आता चिरलेल्या फोडीवर लिंबू पिळा. फोड पांढरी राहते. लिंबाचे आम्ल विकराचे काम मंदावते आणि त्यातले क जीवनसत्त्व तयार झालेले रंगीत पदार्थ पुन्हा रंगहीन करते. "लिंबू लावले की माणूस गोरा होतो" या समजुतीला मग जणू शास्त्रीय आधारच मिळतो! गंमत अशी, की पुष्कळ महागड्या क्रीमच्या "प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या" दाव्यांमागे याहून फारसा वेगळा प्रयोग नसतो. अळंबीतून काढलेले टायरोसिनेज बाजारात मिळते. एखाद्या वनस्पतीचा अर्क परीक्षानळीत या विकरासोबत ठेवायचा आणि विकर मंदावले की अर्क "रंग उजळवणारा" ठरवायचा. प्रयोग खोटा नसतो. पण परीक्षानळीला कातडी नसते.

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. तीन बटाटे घ्या. पहिला सोलून त्याच्या फोडी तशाच ठेवा. दुसऱ्याच्या फोडींवर लिंबाचा रस चोळा. तिसरा बटाटा न सोलता, न चिरता त्याच्या सालीवर दहा मिनिटे लिंबाचा रस चोळत राहा. मग तो धुऊन, पुसून, स्वच्छ सुरीने सोलून चिरा. तासाभराने पाहिले तर दुसऱ्याच्या फोडी पांढऱ्या दिसतील, पण तिसऱ्याच्या पहिल्यासारख्याच काळवंडलेल्या असतील. (बटाटे फार हळू रंग बदलत असतील, तर सफरचंद घ्यावे.) रस तोच, विकरही तेच, मध्ये फक्त साल होती.

आत जाते का?

आपली साल बटाट्याच्या सालीपेक्षा पातळ असली तरी कमी पक्की नाही. बाह्यत्वचेच्या सर्वांत वर मृत, चपट्या पेशींचे पंधरा-वीस थर असतात. त्यांच्यामध्ये मेदयुक्त पदार्थ भरलेले असतात. विटांच्या भिंतीत विटा आणि चुना असावा तशी ही रचना आहे. हात-पायांचे तळवे सोडले तर या भिंतीची जाडी साधारण १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे वहीच्या कागदाच्या पाचव्या ते दहाव्या हिश्श्याएवढी असते. तरी ती आहे म्हणून आपण पावसात विरघळत नाही, उन्हात सुकून जात नाही आणि अंगावर बसलेले सगळे जंतू आत शिरत नाहीत.

या भिंतीतून काय आत जाऊ शकते याचा एक ढोबळ नियम २००० साली बॉस आणि माइनार्डी या दोन संशोधकांनी मांडला. ज्याचे रेणुवस्तुमान ५०० पेक्षा जास्त आहे, असा रेणू धडधाकट त्वचेतून सहसा पार होत नाही. दहावीच्या मुलांकडून हा हिशेब करून घेता येतो. क जीवनसत्त्वाचे सूत्र C6H8O6, म्हणजे रेणुवस्तुमान १७६. नियासिनामाइड या ब-३ जीवनसत्त्वाच्या रूपाचे १२२. हे लहान रेणू आहेत. त्यांना निदान संधी आहे. आता कोलॅजेन पाहा. त्वचेला घट्टपणा देणारे हे प्रथिन वयाबरोबर कमी होते, हे खरे. म्हणून "कोलॅजेनयुक्त क्रीम" लावायची! पण कोलॅजेनचे रेणुवस्तुमान सुमारे ३,००,००० आहे. दाराच्या फटीतून बैलगाडी आत नेण्यासारखेच ते झाले. असे क्रीम पृष्ठभागावर ओलावा धरून ठेवील, इतकेच. आतल्या कोलॅजेनमध्ये त्याची भर पडणार नाही. मधुमेहाचे रुग्ण इन्सुलिन टोचून घेतात, अंगाला चोळत नाहीत, त्याचेही एक कारण हेच आहे. इन्सुलिनचे रेणुवस्तुमान सुमारे ५,८०० आहे.

म्हणून कोणत्याही घटकाबद्दल पहिला प्रश्न विचारायचा: तो आत जातो का?

किती आहे, आणि कशाच्या तुलनेत?

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. भारतातील नियमांप्रमाणे प्रसाधनाच्या वेष्टनावर १ टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने चालतात. डबीवर केशराचे मोठे चित्र असते आणि यादीत केशर शेवटून दुसरे, सुगंधाच्याही नंतर असते. खिरीत केशराच्या दोन काड्या असल्या तरी तिला केशरी खीर म्हणायला हरकत नाही, पण दोन काड्यांनी चेहऱ्यावर काय होणार?

तिसरा प्रश्न तुलनेचा. "१० पैकी ९ स्त्रियांना चार आठवड्यांत फरक जाणवला" हे वाक्य घ्या. फरक कोणी मोजला? यंत्राने की त्या स्त्रियांनी स्वतःच? आणि तो घटक नसलेले तसेच साधे क्रीम दुसऱ्या गटाला दिले होते का? ही तुलना नसेल, तर फरक त्या घटकाचा की नुसत्या तेलपाण्याचा, हे कळणारच नाही. नियंत्रित प्रयोगाची कल्पना आपण बीजांकुरणाच्या प्रयोगात शिकवतो. तीच इथे लागू करायची.

हे तीनही प्रश्न बऱ्यापैकी पार करणारा एक घटक पाहू. १९७५ साली भारतात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या क्रीमने गोरेपणाच्या बाजारपेठेचा पाया घातला. त्यातला मुख्य घटक नियासिनामाइड. रंगपेशींकडून शेजारच्या पेशींकडे मेलॅनिनच्या पिशव्या जाण्यात तो अडथळा आणतो. २००२ साली प्रसाधन कंपनीतील संशोधकांनीच प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काळसर डाग असलेल्या १८ जपानी स्त्रियांना ५ टक्के नियासिनामाइड असलेले आणि नसलेले अशी दोन्ही क्रीमे लावून तुलना केली गेली. चार आठवड्यांनी डागांमध्ये मोजता येण्याजोगा फरक दिसला. म्हणजे घटक निव्वळ थोतांड नाही. पण काय सिद्ध झाले ते नीट वाचा. डाग थोडे फिके झाले आणि क्रीम थांबवल्यावर हा परिणाम ओसरतो. सावळी मुलगी गोरी झाली, असे कोणीही सिद्ध केलेले नाही. जाहिरातीत मात्र तिला नोकरीही मिळाली आणि नवराही मिळाला! भारतातील जाहिरातदारांच्या स्वनियमन संस्थेने २०१४ साली नियम केला, की सावळ्या माणसांना दुःखी, अनाकर्षक किंवा अपयशी दाखवू नये. २०२० साली या क्रीमने आपल्या नावातला 'फेअर' हा शब्द काढून त्या जागी 'ग्लो' घातला. शब्द बदलला तरी रंगपेशींचे काम तेच राहते.

खरोखर गोरे करणारी डबी

आता मुलीने आणलेल्या डबीकडे वळू. प्रामाणिक घटकाने महिनाभरात डाग थोडेसे फिके होत असतील, तर आठ दिवसांत सगळा चेहरा उजळवणाऱ्या डबीत काय असेल? बहुधा दोनपैकी एक गोष्ट असते.

पहिली म्हणजे पारा. पाऱ्याचे क्षार टायरोसिनेज विकराला निकामी करतात, त्यामुळे मेलॅनिन बनणे थांबते आणि रंग खरोखर उजळतो. हे क्षार त्वचेतून रक्तातही जातात आणि मूत्रपिंडात साठतात. मूत्रपिंडाची गाळणी बिघडली की रक्तातली प्रथिने लघवीतून जाऊ लागतात. लघवीला फेस येतो, पायांवर आणि डोळ्यांभोवती सूज येते. केरळातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील अशा एका मूत्रपिंडविकाराच्या २२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी १५ जणांत या विकाराचा एरवी क्वचित आढळणारा उपप्रकार होता, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरे करणारे क्रीम वापरत होते. क्रीम थांबवल्यावर बहुतेक जण सुधारले, हे त्यातले समाधान. हे लांबचे वाटू नये. २०२२ साली अकोल्यातील एकाच घरातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाला. त्या तिघी एकच क्रीम वापरत होत्या आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातर्फे झालेल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा सापडला.

प्रमाणाचा हिशेब येथेही करावा. भारतातील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दशलक्ष भागांत १ भागापेक्षा अधिक चालत नाही. म्हणजे २० ग्रॅमच्या डबीत फार तर ०.०२ मिलिग्रॅम. बेकायदा क्रीममध्ये दशलक्षात हजारो भाग पारा सापडलेला आहे. समजा ५,००० भाग असेल, तर त्याच डबीत १०० मिलिग्रॅम पारा झाला; म्हणजे मर्यादेच्या पाच हजार पट. तो फक्त लावणाऱ्याच्या अंगावर राहत नाही. टॉवेलला, उशीच्या अभ्य्राला, कडेवरच्या बाळाला लागतो आणि त्याची वाफ घरात पसरते. पाऱ्याच्या वापराला आळा घालण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला आणि भारताने तो २०१८ मध्ये स्वीकारला. त्याप्रमाणे १ भागाहून अधिक पारा असलेली प्रसाधने २०२० नंतर बनवणे व देशांमध्ये ने-आण करणे बंद ठरले. २०२३ च्या बैठकीत ही १ भागाची सूटही काढून २०२५ ही अखेरची मुदत ठरली. तरीही चोरटा माल येत राहतो, कारण आठ दिवसांत परिणाम दाखवणारे इतके स्वस्त दुसरे काही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे स्टेरॉइड. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही त्वचारोगांवरची उत्तम औषधे आहेत. योग्य रोगाला, योग्य जागी, ठरावीक दिवस. चेहऱ्याला लावली की सुरुवातीला पुरळ जाते, लाली जाते, रंग फिका दिसतो. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या आणि लव वाढते. क्रीम बंद केले की चेहरा लाल होऊन आग होते, म्हणून पुन्हा तेच क्रीम लावले जाते. व्यसनाचेच हे चक्र. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातील बारा केंद्रांवर केलेल्या पाहणीत चेहऱ्याचे विकार घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवले होते. २०१८ साली सरकारने लावण्याची १४ स्टेरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केला. चिठ्ठी मागणारा दुकानदार मुलांना त्रासदायक वाटतो. तो त्यांचे भले करीत असतो, हे सांगायला हवे.

या सगळ्यातून एक साधी कसोटी निघते. कायद्यात प्रसाधनाची व्याख्या आहे: स्वच्छतेसाठी, सुंदर दिसण्यासाठी, रूप बदलण्यासाठी अंगाला लावायचा पदार्थ. शरीराचे कार्य बदलणारा पदार्थ म्हणजे औषध. म्हणून प्रामाणिक प्रसाधन थोडेच काम करते. एखादी डबी थोड्या दिवसांत फार मोठा बदल घडवत असेल, तर तिला चांगली म्हणायच्या आधी तिच्यात कोणते औषध किंवा कोणते विष आहे, हे विचारले पाहिजे.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक?

हे ऐकून मुले म्हणतात, "मग आम्ही नैसर्गिकच वापरू." बिब्बा पूर्ण नैसर्गिक आहे, तो अंगावर उतला म्हणजे काय होते, ते आजीला विचारावे. लिंबाचा रसही नैसर्गिकच. त्याचा सामू २ ते २.५, त्वचेचा ५ च्या आसपास. शिवाय लिंबाच्या सालीत आणि रसात असे पदार्थ असतात, की ते त्वचेवर असताना ऊन लागले तर फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. गोरे व्हायला गेलेल्याच्या चेहऱ्यावर काळे चट्टे! उलट पेट्रोलियम जेली खनिज तेलातून काढलेली, पण शुद्ध केलेली जेली त्वचेला क्वचितच त्रास देते.

"केमिकलविरहित" हा शब्द तर रसायनशास्त्राच्या शिक्षकाने फळ्यावर लिहूनच तास सुरू करावा. पाणी रसायन आहे, हळदही रसायनांचीच बनलेली आहे. "अल्कोहोल नाही" म्हणणाऱ्या क्रीममध्ये सिटाइल अल्कोहोल असू शकते. ते १६ कार्बन अणूंचे मेणासारखे अल्कोहोल असून त्वचा कोरडी करीत नाही. "त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासलेले" याचा अर्थ तपासले, इतकाच. निकाल काय लागला, हे त्यात नसते.

विज्ञानाचा शब्द विक्रीला वापरण्याची रीत जुनीच आहे. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये 'थो-रादिया' नावाचे क्रीम विकले जाई. त्यात थोरियम आणि रेडियम घातलेले असे, कारण किरणोत्सार हा तेव्हा नव्या विज्ञानाचा चमत्कार होता. वेष्टनावर डॉ. आल्फ्रेड क्युरी असे नाव असे. मारी क्युरींच्या घराण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. आज त्या जागी नॅनो, डीएनए, मूलपेशी हे शब्द आले आहेत.

मग उपयोगाचे काय?

हिवाळ्यात पोटरीवर नख ओढले की पांढरी रेघ उमटते. कोरड्या पेशींच्या कडा उचलल्या जातात आणि त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो. त्यावर खोबरेल तेलाचा थेंब चोळा. रेघ नाहीशी होते. प्रसाधनाचे प्रामाणिक काम ते हेच. पेट्रोलियम जेली त्वचेतून उडून जाणारे पाणी जवळजवळ पूर्ण अडवते, ग्लिसरीन पाणी धरून ठेवते. दोन्ही स्वस्त आहेत. महागड्या क्रीमने चेहरा "तजेलदार" दिसतो त्याचे बरेचसे श्रेय अशाच पदार्थांना असते आणि लगेच दिसणारा गोरेपणा पुष्कळदा टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या भुकटीचा असतो. ती चेहरा धुतला की जाते.

दुसरी उपयोगी वस्तू म्हणजे उन्हापासून संरक्षण देणारे क्रीम. त्यावरचा एसपीएफ हा आकडा मुले चुकीचा वाचतात. आकडा १५ असेल तर त्वचा भाजवणाऱ्या किरणांचा पंधरावा भाग आत जातो, म्हणजे ९३ टक्के अडतात. ३० असेल तर ९७ टक्के आणि ५० असेल तर ९८ टक्के. आकडा दुप्पट झाला म्हणून संरक्षण दुप्पट होत नाही. शिवाय हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून काढलेले असतात. चेहरा ५०० चौरस सेंटिमीटर धरला तर एका वेळी १ ग्रॅम लागेल. दिवसातून दोनदा लावले तर ५० ग्रॅमची ट्यूब २५ दिवसांत संपेल. आपण वाटाण्याएवढे लावतो आणि वेष्टनावरचा आकडा मिळाला असे समजतो. टोपी, छत्री आणि दुपारची सावली यांना असा हिशेब लागत नाही.

वर्गात करून पाहण्याजोगे

१. प्रत्येकाने घरातील एका प्रसाधनाचे वेष्टन आणावे. उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटक शोधावेत. आयात मालावर आयातदाराचे नाव-पत्ता व नोंदणी क्रमांक हवा. जे सापडत नाही त्याची यादी करावी. वेष्टनावर 'कॅलोमेल' किंवा 'मर्क्युरी' हा शब्द असेल, तर वस्तू वापरू नये. पण शब्द नाही म्हणून पारा नाही, असे मानू नये.

२. जाहिरातीतील मोठ्या अक्षरांचा घटक यादीत कितवा आहे ते पाहावे.

३. एकाच विद्यार्थ्याची तीन छायाचित्रे काढावीत: खिडकीकडे तोंड करून, खिडकीकडे पाठ करून आणि पिवळ्या दिव्याखाली. "आधी" आणि "नंतर" ची जाहिरात कशी तयार होते, हे कोणतेही क्रीम न लावता दिसेल.

४. एका जाहिरातीला तीन प्रश्न विचारून उत्तरे लिहावीत: आत जाते का? किती आहे? कशाच्या तुलनेत?

हा तास घेताना एक पथ्य पाळावे. कोणाच्याही रंगाचे उदाहरण वर्गात देऊ नये, कौतुक म्हणूनसुद्धा नाही. आणि कोणाकडे नाव-गाव नसलेली डबी निघाली, तर ती सर्वांसमोर मागू नये. ती वापरणे थांबवायला सांगावे, डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी, मोरीत ओतू नये. पालकांना विश्वासात घेऊन मुलाला किंवा मुलीला डॉक्टरांकडे न्यावे. पायांवर सूज किंवा लघवीला फेस असेल तर लघवीची तपासणी त्वरित करावी. स्टेरॉइड बराच काळ लावले असेल, तर ते कसे थांबवायचे हे त्वचारोगतज्ज्ञच सांगू शकतील. विक्रेत्याविषयी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

आमच्या वर्गात बटाट्याचा प्रयोग झाला त्या दिवशी ती मुलगी सगळ्यांत मागे बसली होती. तास संपल्यावर ती पुढे आली आणि काळवंडलेल्या तिसऱ्या बटाट्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे बाई, ज्याने काही होत नाही ते परवडलं." मी म्हटले, "हो. आणि ज्याने फार होतं, त्याचं नाव-गाव आधी विचारायचं." दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एका पिशवीत गाठ मारून ठेवलेल्या चार डब्या होत्या.